सुक्या गवताची नासाडी आणि पागेतले श्रम : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

पागेत सध्या चार जनावरे आहेत : एक कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी, एक अबलख (पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा) घोडा, विशी ओलांडलेला एक सब्जा (राखी-पांढरा) घोडा आणि एक तट्टू. चौघांचाही मुख्य आहार सुके गवत हाच असून ते आजवर मोकळ्या आवारात जमिनीवर टाकले जात आले आहे. टाकलेल्या गवतापैकी बराच भाग खुरांखाली जातो, त्यावर लीद आणि मूत्र पडते, आणि दुसऱ्या दिवशी तोच भाग दाताळ्याने गोळा करून उकिरड्यावर न्यावा लागतो. वाया गेलेला प्रत्येक किलो अशा रीतीने दोनदा उचलला जातो, एकदा वैरण म्हणून आणि एकदा कचरा म्हणून. दुसऱ्या खेपेला तर तो भिजलेला असल्याने अधिक जड असतो. नासाडी आणि श्रम हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, या समजुतीवर हा प्रकल्प आखला आहे.

एक अट आरंभीच नोंदवून ठेवतो. बचत व्हायची ती वाया जाणाऱ्या गवतातून झाली पाहिजे, घोड्याच्या पोटातून नव्हे. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, मग त्याचे खाणे चालू असो वा नसो. लाळ मात्र चावतानाच सुटते आणि आम्लाची धार बोथट करण्याचे काम मुख्यतः तीच करते. जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते, आणि कुरणात मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे १४ ते १६ तास चरण्यात घालवतो. अशा प्राण्याला दोन वेळा पोटभर घालून मधला वेळ उपाशी ठेवले, तर जठरात व्रण होण्याची आणि पोटशूळ उठण्याची शक्यता वाढते. त्यामुळे समोरची वैरण संपल्यानंतर चार ते सहा तासांपेक्षा अधिक काळ घोडा रिकामा राहील अशी कोणतीही व्यवस्था, ती कितीही काटकसरीची दिसली तरी, या प्रकल्पात बाद धरली जाईल.

६ जानेवारी

किती वाया जाते हे कळण्यापूर्वी किती द्यायला हवे हे ठरणे आवश्यक आहे, म्हणून आज चौघांची मोजमापे घेतली. जनावर उभे राहील एवढा मोठा काटा हाताशी नसल्याने फितीचा आधार घेतला. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि आलेल्या संख्येला ११,८८० ने भागायचे, की किलोमधले वजन मिळते. घोडीचा घेर १८० आणि लांबी १६० सेंटिमीटर भरली. त्यावरून तिचे वजन सुमारे ४३६ किलो येते. हा अंदाजच आहे, पण दर वेळी त्याच माणसाने, त्याच जागी फीत धरून मोजल्यास वजनातला चढ-उतार ओळखण्यास तो पुरेसा आहे.

प्रौढ घोड्याला दररोज शरीरवजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा चारा लागतो. दोन टक्के धरले तर घोडीला ८.७ किलो कोरडा अंश हवा, आणि नीट वाळलेल्या गवतातही दहा-बारा टक्के पाणी उरत असल्याने प्रत्यक्ष काट्यावर ते गवत १० किलोच्या जवळ भरते. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे, कारण आतापर्यंतचे माप ‘दोन थर सकाळी, दोन थर संध्याकाळी’ असे होते आणि एकाच गठ्ठ्यातून सुटणारे दोन थर काट्यावर टांगून पाहिले असता त्यांच्या वजनात दुपटीचा फरक निघाला. थरांच्या संख्येवर चालणाऱ्या पागेत नासाडी मोजताच येत नाही.

९ जानेवारी

नासाडी मोजण्याची रीत ठरवली. दिलेले गवत ताणकाट्यावर तोलायचे. दुसऱ्या दिवशी उरलेले चघाळ गोळा करताना त्याचे दोन ढीग करायचे. पहिला ढीग तुडवलेल्या, मळलेल्या गवताचा. दुसरा ढीग स्वच्छ असूनही घोड्यांनी नाकारलेल्या जाड काड्यांचा. दोन्ही ढीग पत्र्यावर पसरून कडकडीत वाळल्यावरच तोलायचे, नाहीतर मूत्राचे आणि चिखलाचे वजन गवताच्या खात्यावर पडते. दोन ढीग वेगळे ठेवण्यामागचा हेतू असा, की तुडवलेले गवत हा मांडणीचा दोष आहे, तर नाकारलेली काडी हा गवताच्या प्रतीचा दोष आहे, आणि उत्तम गव्हाणही दुसऱ्या दोषावर उपाय करू शकत नाही.

१४ जानेवारी

पहिल्या काही दिवसांचे तोल हाती आले. दिलेल्या गवताचा जवळजवळ पाचवा भाग पहिल्या ढिगात आहे.

आकड्याइतकेच निरीक्षण उपयोगी ठरले. गवत टाकल्यावर घोडे ताबडतोब सगळे खात नाहीत. ते आधी निवडतात. नाकाने वरचा थर बाजूला सारून खालची पाने आणि मऊ पाती शोधतात, आणि या शोधात ढीग पसरत जातो. मग घोडा तोंडभर घास ओढतो, मान वर करतो आणि चावता चावता आजूबाजूला पाहतो. घासातून लोंबणाऱ्या काड्या याच वेळी गळतात. खाली पडलेली काडी त्याच्या पुढच्या पायांजवळ असते, आणि तट्टू जवळ आल्यावर किंवा घोडीने कान मागे टाकल्यावर तो पाऊल बदलतो, त्यासरशी ती काडी खुराखाली जाते. पोट निम्मेअधिक भरल्यावर उरलेल्या गवतावर उभे राहणे, लोळणे आणि लीद टाकणे सुरू होते. नासाडीचा मोठा भाग या शेवटच्या टप्प्यातला आहे, म्हणजे भूक असताना होणारा नाही.

यातून दोन निष्कर्ष निघतात. गळणारी काडी जिथे पडेल तिथे ती पुन्हा खाण्याजोगी राहिली पाहिजे, आणि खाली पसरलेल्या गवतावर उभे राहणे घोड्याला अशक्य झाले पाहिजे.

१८ जानेवारी

आज गवताचा प्रवास पायी मोजला. गंजी आवाराच्या एका टोकाला, खाण्याची जागा दुसऱ्या टोकाला आणि उकिरडा तिसऱ्याच दिशेला आहे. गंजीतून गठ्ठा काढणे, हातगाडीवर ठेवणे, फाटकाशी उतरवणे, फाटक उघडून आत नेणे, सुतळी कापणे, थर सुटे करून चार ठिकाणी वाटणे, आणि दुसऱ्या दिवशी चघाळ दाताळ्याने ओढून पुन्हा हातगाडीत भरणे असा हा क्रम आहे. यांपैकी गवत घोड्याच्या तोंडाजवळ नेणारी कामे थोडी आणि त्याला इकडून तिकडे करणारी कामे फार. फाटक तर प्रत्येक फेरीत दोनदा उघडावे लागते, आणि ते उघडताना भुकेले तट्टू हातगाडीतच तोंड घालते.

२३ जानेवारी

उपलब्ध संशोधन वाचून काढले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मोठ्या गोल गठ्ठ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रकारच्या गव्हाणींची तुलना प्रसिद्ध केली. गव्हाणीशिवाय गठ्ठा नुसता जमिनीवर ठेवला असता ५७ टक्के गवत वाया गेले. गव्हाणींमध्ये हे प्रमाण रचनेनुसार ५ ते ३३ टक्के होते. त्याच विद्यापीठाने २०१४ मध्ये लहान चौकोनी गठ्ठ्यांवर केलेल्या अभ्यासात जमिनीवर टाकलेल्या गवतापैकी १३ टक्के वाया गेले, तर तीन वेगवेगळ्या गव्हाणींत ते प्रमाण १, ३ आणि ५ टक्के इतकेच राहिले.

माझ्या दृष्टीने या दोन अभ्यासांतला सर्वांत बोलका भाग गव्हाणीचा नाही. दोन्हीकडे गवत जमिनीवरच होते, तरीही एकीकडे ५७ आणि दुसरीकडे १३ टक्के नासाडी झाली. फरक असा, की पहिल्या प्रकारात अनेक दिवसांची वैरण एकदम समोर होती आणि दुसऱ्या प्रकारात शरीरवजनाच्या हिशेबाने मोजलेले गवत दिवसातून दोन वेळा विभागून दिले जात होते. घोड्याला गरजेपेक्षा अधिक गवत एकदम दिसले, की तो त्याचे अंथरूण करतो. गव्हाण आणण्यापूर्वीच तोलून देण्याला महत्त्व आहे ते यामुळे, आणि खडूने लिहिलेला तो आकडा आधी का हवा होता हेही यावरून स्पष्ट होते.

दुसरा मुद्दा गव्हाणीच्या निवडीचा. चांगली ठरलेली रचना आणि वाईट ठरलेली रचना यांतला फरक ५ आणि ३३ टक्क्यांचा असेल, तर ‘काहीतरी गव्हाण असली म्हणजे झाले’ ही समजूत टिकत नाही. घोड्याला डोके आत ठेवूनच चावायला लावणारी रचना गळती आत ठेवते; मान बाहेर काढायला लावणारी रचना गळती बाहेर टाकते.

३० जानेवारी

पेटी तयार झाली. लाकडी फळ्यांची, १२० सेंटिमीटर लांब, ७५ रुंद आणि ६० उंच. उंची ठरवताना बराच विचार करावा लागला. भिंतीवर उंच बसवलेल्या गव्हाणीत गळती कमी दिसत असली तरी घोड्याला मान वर करून ओढावे लागते, आणि त्या वेळी धूळ व बारीक कूस थेट नाकपुड्यांत व डोळ्यांत पडते. डोके खाली ठेवून खाणे ही त्याची नैसर्गिक ठेवण आहे. श्वासनलिकेतला चिकट स्राव त्या स्थितीत सहज बाहेर येतो. म्हणून पेटी छातीच्या खाली राहील, पण आत पाय टाकण्याचा मोह होणार नाही, एवढी उंच ठेवली.

कडा तासून गोल केल्या, खिळ्यांची टोके आत दाबून वर लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके पाडली. तळाशी भोके नसलेल्या पेटीत एका पावसानंतर खालचे गवत आंबते आणि त्यावर बुरशी धरते. असे गवत घोड्याला देणे म्हणजे पोटाचे आणि फुप्फुसाचे दुखणे विकत घेणे होय. गवतावर सुती-नायलॉन दोरीची जाळी सैल अंथरली आहे. ती चारी बाजूंनी कडीत अडकवलेली असली तरी मधोमध इतकी ढिली आहे, की गवत कमी होईल तशी तीही खाली उतरते. लोखंडी जाळी बसवण्याची सूचना आली होती. ती नाकारली, कारण लोखंडावर घासून पुढचे दात झिजतात आणि हिरड्या सोलवटतात.

पेटीखाली आणि भोवती रबराची चटई पसरली आहे. घोडा गळलेल्या काड्या ओठांनी वेचतो तेव्हा मातीवर असल्यास वाळूही पोटात जाते. ती आतड्यात साचून पोटशूळ होऊ शकतो. चटईवर पडलेली काडी स्वच्छ राहते, आणि झाडणेही मातीपेक्षा सोपे जाते.

४ फेब्रुवारी

घोडी आणि अबलख पेटीवर रुळले. पहिल्या दिवशी जाळी न घालता पेटी भरली, मग जाळी अर्धी उलगडून ठेवली आणि त्यानंतर पूर्ण. भुकेल्या जनावरासमोर एकाएकी बारीक जाळी आणली, तर ते वैतागून पेटी ढकलते, जाळी चावते आणि खुराने ओरबाडते.

९ फेब्रुवारी

पेट्या दोन आणि जनावरे चार असल्याने उरलेल्या ठिकाणी जाळीच्या पिशव्या टांगायच्या ठरल्या. आता प्रश्न छिद्राच्या मापाचा. मिनेसोटाच्याच २०१४ मधल्या दुसऱ्या एका प्रयोगात शरीरवजनाच्या एक टक्का गवत संपवायला घोड्यांना किती वेळ लागतो हे मोजले होते. जमिनीवरून ३.१ तास लागले, १५.२ सेंटिमीटर छिद्रांच्या जाळीतून ३.४ तास, ४.४ सेंटिमीटरच्या जाळीतून ५.१ तास, आणि ३.२ सेंटिमीटरच्या जाळीतून ६.५ तास. मोठ्या छिद्रांची जाळी आणि जमीन यांत फारसा फरक नाही, ही गोष्ट जाळी निवडताना सहज निसटते.

हेच आकडे रात्रीच्या हिशेबाला लावून पाहिले. घोडीच्या वजनाचा एक टक्का म्हणजे सुमारे ४.४ किलो. रात्री आठ वाजता एवढे गवत जमिनीवर टाकले, तर अकरा वाजून गेल्यावर लवकरच ते संपते आणि सकाळी सहापर्यंत घोडी सुमारे सात तास रिकामी राहते. म्हणजे ५ जानेवारीला घातलेली अट मोडते. तेच ४.४ किलो बारीक जाळीत भरले, तर ते अडीच वाजेपर्यंत पुरते आणि रिकामा काळ साडेतीन तासांवर येतो. यासाठी एक काडीही जास्त लागत नाही आणि कुणाला मध्यरात्री उठावे लागत नाही. या प्रकल्पात आतापर्यंत आढळलेली ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे.

दिवसा मात्र मध्यम छिद्रांची जाळी पुरेशी आहे. दिवसा माणूस जागा असतो, दोनऐवजी तीन वेळा देता येते, आणि बारीक जाळी भरण्याचा वैताग निम्म्याने वाचतो.

१२ फेब्रुवारी

अबलखच्या पुढच्या पायांना नाल आहेत. त्यामुळे त्याची पिशवी इतकी उंच टांगली, की रिकामी होऊन लोंबली तरी खूर तिच्यात अडकणार नाही. पिशवी थेट कडीला न बांधता मध्ये कच्च्या सुतळीचा दुवा ठेवला आहे. पाय अडकलाच तर सुतळी तुटावी, पाय नव्हे. नाल नसलेल्या जनावरांच्या जाळ्या मात्र पेट्यांत, खालीच राहतील.

१९ फेब्रुवारी

सब्जाच्या जागेखाली एक वेगळीच गळती आढळली. काड्या नव्हेत, तर अर्धवट चावलेल्या गवताचे ओले, वळलेले बोळे. हा मांडणीचा दोष नव्हे, दातांचा आहे. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत आणि झिजत राहतात. झीज असमान झाली की कडांना धार येते, दाढांमध्ये फटी पडतात, आणि म्हाताऱ्या घोड्याच्या काही दाढा तर झिजून नाहीशाच होतात. मग लांब काडी नीट दळली जात नाही आणि घास तोंडातून बाहेर पडतो. पशुवैद्यांना बोलावले, त्यांनी धारदार कडा कानसून दिल्या आणि मागची एक दाढ सैल असल्याचे सांगितले.

जाळी हा अशा घोड्यासाठी उपाय नाही, उलट अडथळा आहे. आधीच कमी चावणाऱ्या जनावराला ओढण्याचेही कष्ट पडले, तर ते दमून खाणे सोडते. म्हणून सब्जाला मऊ, पानाचा अंश जास्त असलेले गवत बिनजाळीच्या, रुंद तोंडाच्या पेटीत दिले जाईल, आणि त्याचा काही हिस्सा आखूड कापून, पाण्याने ओलसर करून. त्याच्याकडे नासाडी इतरांपेक्षा जास्त राहील, हे मान्य करूनच हा निर्णय घेतला आहे. चारही जनावरांना एकच गव्हाण लावण्याचा अट्टाहास येथे सोडून दिला.

२७ फेब्रुवारी

आजची नोंद गंजीची. गवत घोड्यासमोर जाण्यापूर्वीच किती वाया जाते, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारला जात नाही, कारण ती नासाडी कुणी झाडून काढत नाही. ती कुजून जमिनीत मिसळते. सर्वांत खालचा थर जमिनीला टेकलेला असल्याने ओल शोषतो. तो थर काढून पाहिला असता खालची वीतभर जाडी काळपट आणि कुबट निघाली. आता खाली लाकडी पॅलेट टाकून गंजी जमिनीपासून वर उचलली आहे, भिंत आणि गंजी यांच्यात हात जाईल एवढी फट ठेवली आहे, आणि वरची ताडपत्री गवताला थेट न चिकटता आडव्या बांबूंवरून जाते, जेणेकरून तिच्या आतल्या बाजूला जमणारे पाणी गवतावर ठिबकू नये.

उघड्यावर ठेवलेल्या मोठ्या गोल गठ्ठ्यांबाबत एक साधा हिशेब करून ठेवतो, कारण पुढे असे गठ्ठे घेण्याचा विचार आहे. दीड मीटर व्यासाच्या गठ्ठ्याचा बाहेरचा केवळ १५ सेंटिमीटरचा थर खराब झाला, तर आत उरणारा व्यास १२० सेंटिमीटर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून उरते ते ६४ टक्के, आणि गेलेले ३६ टक्के. वीतभरही नसलेली साल गठ्ठ्याचा तिसरा हिस्सा घेऊन जाते. गव्हाणीतून वाचवलेले दहा-वीस टक्के या नुकसानीपुढे फिके आहेत. छप्पर नसेल तर गोल गठ्ठे घेऊ नयेत, असे माझे मत झाले आहे.

नवे गवत रचताना त्यातली ओल पाहणेही आवश्यक आहे. गठ्ठा बांधताना गवतात २० टक्क्यांहून अधिक ओलावा असेल, तर आतले सूक्ष्मजीव उष्णता निर्माण करतात, बुरशी येते आणि मोठ्या गंजीत ही उष्णता पेट घेण्यापर्यंत जाऊ शकते. गंजीच्या पोटात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि काही वेळाने बाहेर काढून हात लावून पाहायचा. सळई हाताला सोसत नसेल तर गंजी आतून तापली आहे असे समजायचे. अशा वेळी गठ्ठे उपसायला लगेच हात घालू नये, कारण आत हवा शिरताच गवत भडकू शकते; अग्निशमनाची व्यवस्था जवळ असतानाच ते काम करावे.

६ मार्च

गंजीचा निम्मा भाग खाण्याच्या जागेला लागून असलेल्या पडवीत हलवला. पडवी आणि आवार यांच्यामधल्या भिंतीत खिडकी होती. ती आता गवत देण्याची वाट झाली आहे. दोन्ही पेट्या खिडकीखाली ओढून घेतल्याने त्यांत गवत आतूनच टाकता येते आणि फाटक उघडावे लागत नाही. घोड्यांचे म्हणणे विचाराल, तर त्यांना ही खिडकी माणसांपेक्षा लवकर समजली. पहाटे चौघांची तोंडे तिच्याच दिशेला असतात.

जाळ्या भरणे हे कंटाळवाणे काम होते, कारण एक हात जाळीचे तोंड उघडे धरण्यात अडकतो. त्यावर तळ कापलेले जुने प्लास्टिकचे पिंप वापरले. जाळी पिंपाच्या आतून सोडून तिचे तोंड पिंपाच्या काठावर दुमडायचे, दोन्ही हातांनी गवत दाबायचे आणि पिंप वर उचलून घ्यायचे. पिंप ताणकाट्याच्या आकड्याखाली ठेवल्याने भरलेली जाळी जागच्या जागी तोलली जाते. सगळ्या जाळ्या दोन दिवसांच्या एकदम भरून पडवीत टांगल्या जातात, आणि प्रत्येकीला जनावराप्रमाणे वेगळ्या रंगाची चिंधी बांधली आहे. आता पागेत नवा माणूस आला, तरी कुणाला किती द्यायचे हे त्याला विचारावे लागत नाही. लाल चिंधी तट्टूची, एवढे सांगितले की पुरते. गाठी मारण्या-सोडण्याऐवजी स्प्रिंगची कडी वापरल्याने थंडीत बोटे आखडण्याचा त्रासही गेला.

गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापल्याबरोबर खिळ्याला टांगण्याची शिस्त येथे लिहून ठेवणे आवश्यक वाटते. गठ्ठ्याला दोन सुतळ्या असतील तर खिळ्यावर दोन दिसल्याच पाहिजेत. गवताबरोबर गिळलेली सुतळी आतड्यात गुंतली तर जनावर दगावते.

१३ मार्च

खाण्याच्या जागा आता पाच आहेत, जनावरांपेक्षा एक जास्त, आणि पडवीजवळच्या दोन पेट्या सोडल्या तर त्यांच्यामध्ये दोन-तीन घोड्यांच्या लांबीचे अंतर आहे. घोडी एकाला हाकलते तेव्हा हाकललेल्याला जाण्यासाठी भरलेली जागा शिल्लक असते. पाऊले कमी बदलली जातात, म्हणून तुडवणेही कमी झाले आहे. त्या दोन पेट्यांमधले अंतर वाढवायला भिंत पुरत नाही; त्यामुळे तिथे घोडी आणि अबलख या एकमेकांना सोसणाऱ्या जोडीलाच ठेवले आहे.

२१ मार्च

सब्जाला अधूनमधून खोकला येतो, म्हणून त्याचे गवत भिजवून पाहिले. दहा ते तीस मिनिटे पाण्यात बुडवल्याने श्वासावाटे आत जाणारी धूळ बरीच कमी होते. त्यापेक्षा जास्त वेळ भिजवल्यास गवतातली साखर आणि खनिजे पाण्यात उतरतात. लठ्ठ जनावरासाठी ही गोष्ट इष्ट असू शकते, म्हाताऱ्या आणि बारीक झालेल्या सब्जासाठी नाही. भिजलेले गवत उबदार हवेत लवकर आंबते, म्हणून एका वेळी संपेल एवढेच भिजवायचे. भिजवून उरलेले तांबूस पाणी ओढ्यात सोडू नये. त्यातल्या साखरेमुळे प्रवाहातला प्राणवायू घटतो.

श्रमांच्या बाजूने पाहिले तर भिजवणे महागात पडते, कारण गवताचे वजन पाण्याने कितीतरी वाढते. हौदाच्या वर कप्पी बसवून जाळी दोरीने खेचली जाते आणि निथळेपर्यंत तिथेच लटकत ठेवली जाते. ओली जाळी हाताने उचलण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. ही सोय एकट्या सब्जापुरतीच ठेवली आहे. बाकीच्यांचे गवत स्वच्छ असताना सरसकट सगळ्यांना भिजवून देण्याचे कारण दिसत नाही.

२९ मार्च

तट्टूचा घेर वाढला. नासाडी कमी झाल्याचा हा अनपेक्षित परिणाम आहे : पूर्वी मातीत जाणारा हिस्सा आता त्याच्या पोटात जातो, आणि इतरांच्या पेट्यांतली गळतीही तो चटईवरून वेचून खातो. डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या १ ते ९ गुणांच्या पद्धतीने चौघांची अंगस्थिती तपासली. मान, खवाटा (मानेच्या मुळाशी पाठीवरचा उंचवटा), बरगड्या, पाठ, शेपटीचे मूळ आणि खांद्यामागचा भाग हाताने चाचपून गुण द्यायचे. बरगड्या दिसू नयेत पण बोटांना सहज लागाव्यात, अशी ५ गुणांची स्थिती चांगली. घोडी आणि अबलख ५ च्या आसपास आहेत, सब्जा ४, आणि तट्टू निःसंशय ७.

तट्टूचे माप शरीरवजनाच्या दीड टक्क्यावर आणले आहे आणि त्याला रात्रंदिवस बारीक जाळी दिली आहे. दीड टक्क्याच्या खाली मात्र जायचे नाही. लठ्ठ तट्टूला एकाएकी उपाशी ठेवल्यास रक्तात चरबी उतरून जीव धोक्यात येऊ शकतो. दुसरीकडे वजन असेच वाढू दिले तर खुरांच्या आतली सूज ठरलेली. इतरांच्या पेट्यांभोवती त्याला रात्री मज्जाव असावा, म्हणून त्याच्यासाठी आवाराचा एक भाग दोरीने वेगळा केला.

८ एप्रिल

पुन्हा तोल घेतले. रीत जानेवारीतलीच, ढीगही तसेच दोन. तुडवलेल्या गवताचा ढीग दिलेल्या गवताच्या विसाव्या भागाच्या आसपास आला आहे, आणि त्यातही निम्म्याहून जास्त सब्जाच्या जागेचा आहे. जानेवारीत हवा ओलसर होती आणि आवारात चिखल होता, त्यामुळे दोन्ही तोलांची तुलना अगदी काटेकोर म्हणता येणार नाही. तरी उकिरड्याकडे जाणाऱ्या हातगाडीच्या फेऱ्या उघड कमी झाल्या आहेत, आणि ती गाडी पूर्वीइतकी जड नसते. सकाळचे काम आता एक माणूस, फाटक न उघडता, निवांत उरकतो.

दुसरा ढीग, नाकारलेल्या काड्यांचा, मात्र जवळजवळ होता तेवढाच आहे. पेटीने तो हलला नाही, जाळीने हलला नाही, आणि तो हलेल अशी अपेक्षाही नव्हती. सध्याचे गवत बी धरल्यानंतर कापलेले आहे. देठ जाड, पाने थोडी. उशिरा कापणाऱ्याला एकरी वजन जास्त मिळते, पण ते वाढीव वजन देठाचे असते आणि माझ्या हिशेबात ते सरळ उकिरड्याच्या खात्यावर जाते. पुढच्या खेपेचे गवत फुलोऱ्यापूर्वी किंवा फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापलेले असावे, असे पुरवठादाराला आताच कळवले आहे, आणि गठ्ठे उतरवून घेण्यापूर्वी त्यांतला एक उघडून देठ, रंग, वास आणि ओल पाहिली जाईल. पानाचा अंश वाढला तर साखरही वाढेल, त्यामुळे तट्टूसाठी सध्याच्या जाड गवताचे काही गठ्ठे पडवीच्या मागच्या कोपऱ्यात वेगळे रचून ठेवले आहेत.

दुरुस्तीची कामे अशी : घोडीच्या पेटीवरची जाळी एका कोपऱ्यात चावून फाटली आहे, ती विणून घ्यायची, सब्जाच्या पेटीचा पुढचा काठ आणखी थोडा उतरवायचा, आणि कप्पीच्या दोरीला गाठी मारून हाताला पकड द्यायची.